चालक घडविणाऱ्यांची घडण : वाहनचालन प्रशिक्षकांचे प्रशिक्षण आणि प्रमाणन

देशात २०२३ या वर्षी रस्त्यांवर ४,८०,५८३ अपघात झाले आणि त्यांत १,७२,८९० व्यक्तींनी प्राण गमावले, असे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाची आकडेवारी दर्शविते. दररोज सरासरी ४७४ मृत्यू, म्हणजे तासाला जवळपास वीस, असे हे प्रमाण आहे. मृतांमध्ये कमावत्या वयातील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते. त्यामुळे रस्ते अपघात हा विषय केवळ वाहतूक नियमनाचा राहत नाही. कुटुंबाचे उत्पन्न, मुलांचे शिक्षण आणि देशाचे मनुष्यबळ या सर्वांशी तो निगडित ठरतो.

अपघात कमी करण्याच्या चर्चेत रस्त्यांची रचना, वाहनांची सुरक्षितता, दंडाची रक्कम आणि चालकांची बेफिकिरी यांचा उल्लेख वारंवार होतो. चालकाला चालक बनविणाऱ्या व्यक्तीचा, म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधील प्रशिक्षकाचा, विचार मात्र अभावानेच केला जातो. त्याची अर्हता कोणी ठरविली, त्याला शिकविण्याचे शिक्षण कोणी दिले आणि त्याच्या कामाची पुनर्तपासणी कोण करते, या तीन प्रश्नांची उत्तरे पाहिली असता आपल्या चालक प्रशिक्षण व्यवस्थेची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही स्पष्ट होतात.

कायद्यातील दोन प्रशिक्षक

भारतात वाहनचालनाचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार होते. या नियमांत 'प्रशिक्षक' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

नियम ३ नुसार शिकाऊ अनुज्ञप्ती म्हणजेच लर्निंग लायसन्स असलेल्या व्यक्तीने वाहन चालविताना तिच्यासोबत प्रशिक्षक असला पाहिजे. या प्रशिक्षकाकडे ते वाहन चालविण्याची वैध अनुज्ञप्ती असावी आणि वाहन नियंत्रित करता किंवा थांबविता येईल अशा जागी तो बसलेला असावा, एवढीच अपेक्षा आहे. वडील, थोरला भाऊ, शेजारी किंवा मित्र यांपैकी कोणीही या अर्थाने प्रशिक्षक ठरू शकतो.

दुसरा प्रशिक्षक व्यावसायिक असतो. मोबदला घेऊन वाहन चालविण्यास शिकविणाऱ्या शाळांचे परवाने व नियमन यांसाठी अधिनियमाच्या कलम १२ अन्वये केंद्र शासनाला नियम करण्याचे अधिकार आहेत. त्यानुसार नियम २४ ते ३१ मध्ये शाळा, तेथील कर्मचारी आणि अभ्यासक्रम यांविषयीच्या तरतुदी आहेत. खासगी वाहनाच्या अनुज्ञप्तीसाठी अशा शाळेत शिकणे बंधनकारक नाही. व्यावसायिक म्हणजे परिवहन वाहन चालविण्याच्या अनुज्ञप्तीसाठी मात्र शाळेने दिलेले नमुना ५ मधील प्रमाणपत्र जोडावे लागते.

नियमांची चौकट

नियम २४ नुसार शाळेचा अर्जदार किंवा त्याने नेमलेला कर्मचारी किमान दहावी उत्तीर्ण असावा. त्याला वाहन चालविण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा आणि शासकीय अथवा शासनमान्य संस्थेतील मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र किंवा यांत्रिकी अभियांत्रिकीतील त्याहून उच्च अर्हता असावी. वाहतूक चिन्हे आणि रस्त्यावरील वर्तनाचे विनियम यांचे संपूर्ण ज्ञान, वाहनाच्या निरनिराळ्या भागांचे कार्य प्रात्यक्षिकासह समजावून सांगण्याची क्षमता आणि इंग्रजी अथवा प्रादेशिक भाषेचे पुरेसे ज्ञान याही अटी आहेत. प्रशिक्षणाच्या वाहनात दुहेरी नियंत्रणाची सोय असणे, म्हणजे प्रशिक्षकालाही वाहन थांबविता येईल अशी व्यवस्था असणे, अनिवार्य आहे. शाळेचा परवाना पाच वर्षांसाठी असतो.

नियम ३१ मध्ये अभ्यासक्रम दिलेला आहे. वाहनचालनाचे सिद्धान्त, वाहतूक शिक्षण, प्रत्यक्ष सराव, यंत्ररचना व दुरुस्ती, चालकाचे जनसंपर्क, आगीचे धोके, देखभाल आणि प्रथमोपचार असे त्याचे भाग आहेत. खासगी वाहनांसाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण व किमान १० तासांचे प्रत्यक्ष वाहनचालन, तर परिवहन वाहनांसाठी किमान ३० दिवस व १५ तास अशी मर्यादा आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किती तास वाहन चालविले याची नोंदवही ठेवणेही शाळेवर बंधनकारक आहे.

कागदावर ही चौकट बरीच सुस्पष्ट आहे. तिचा रोख मात्र प्रामुख्याने वाहनाकडे आहे. प्रशिक्षकाला इंजिन समजले पाहिजे, चिन्हे पाठ असली पाहिजेत आणि त्याने स्वतः पाच वर्षे वाहन चालविलेले असले पाहिजे, असे नियम सांगतात. घाबरलेल्या नवशिक्याला रहदारीत कसे सांभाळावे, त्याची चूक केव्हा आणि कशा शब्दांत दाखवावी, धोका आधीच ओळखण्याची सवय कशी लावावी, हे प्रशिक्षकाला येते की नाही, याची स्वतंत्र परीक्षा या नियमांत नाही.

अर्हता आणि अध्यापनक्षमता

एखादे कौशल्य स्वतःला येणे आणि ते दुसऱ्याला शिकविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या म्हणजे आयटीआयच्या बाबतीत हा भेद भारताने फार पूर्वीच मान्य केला. तेथील निदेशकांसाठी शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना राबविली जाते. एका वर्षाच्या या अभ्यासक्रमात संबंधित व्यवसायाच्या तंत्राबरोबर अध्यापनपद्धतीही शिकविली जाते. वेल्डर उत्तम असला म्हणून तो उत्तम निदेशक होतोच असे नाही, हे तत्त्व तेथे गृहीत धरलेले आहे. जिथे विद्यार्थ्याची चूक तिसऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते त्या वाहनचालनाच्या क्षेत्रात हे तत्त्व अद्याप सार्वत्रिक झालेले नाही.

हा प्रश्न २०१९ नंतर अधिक महत्त्वाचा झाला. परिवहन वाहनाच्या चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट त्या वर्षी केंद्र शासनाने रद्द केली. हरियाणातील मेवात भागात वाहनचालन हेच अनेकांचे उपजीविकेचे साधन आहे आणि शिक्षणाच्या अटीमुळे कुशल तरुणांना अनुज्ञप्ती मिळत नाही, अशी बाजू त्या राज्याने मांडली होती. रोजगाराच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय आहे. त्याचा एक परिणाम असा, की वाचता न येणाऱ्या प्रशिक्षणार्थीला चिन्हांचा अर्थ, थांबण्याचे अंतर आणि अवजड वाहनाच्या अंध जागा समजावून देण्याची जबाबदारी पूर्णपणे प्रशिक्षकाच्या अध्यापनकौशल्यावर आली. पुस्तिका हातात देऊन ही जबाबदारी पार पडत नाही. चित्रे, प्रतिकृती, प्रात्यक्षिक आणि पुनःपुन्हा प्रश्न विचारणे या पद्धती प्रशिक्षकाला अवगत असाव्या लागतात.

बाजारपेठ गुणवत्ता का देत नाही?

चांगला प्रशिक्षक चांगले शुल्क मिळवील आणि वाईट प्रशिक्षक आपोआप मागे पडेल, अशी अपेक्षा बाजारव्यवस्थेकडून केली जाऊ शकते. या क्षेत्रात ती दोन कारणांनी फोल ठरते.

पहिले कारण माहितीची विषमता हे होय. शिकण्यास आलेल्या व्यक्तीला वाहनचालन येत नसल्यामुळे शिकविणाऱ्याचा दर्जा तिला पारखता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अशा परिस्थितीचे विश्लेषण केले होते. ग्राहकाला दर्जा ओळखता येत नसेल तर तो सरासरी किमतीहून अधिक देण्यास तयार होत नाही आणि दर्जेदार विक्रेता बाजारातून बाहेर पडतो. या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाजारात तसेच घडते. दहा तास मन लावून शिकविणारा आणि पाच तासांत उरकणारा यांचे शुल्क सारखेच राहिले, तर पहिल्याला आपली पद्धत टिकविणे परवडत नाही.

दुसरे कारण बाह्य परिणाम हे आहे. निकृष्ट प्रशिक्षणाची किंमत केवळ प्रशिक्षणार्थी मोजत नाही. पादचारी, सायकलस्वार आणि समोरून येणारे वाहन यांनाही ती मोजावी लागते. त्यामुळे प्रशिक्षणार्थी स्वतःच्या हिताचा विचार करून जेवढे प्रशिक्षण विकत घेतो, त्याहून अधिक प्रशिक्षण समाजाला हवे असते. प्रशिक्षकांच्या प्रमाणनात शासनाने लक्ष घालण्यामागील आर्थिक तर्क हाच आहे.

दिल्लीतील प्रयोगाचा धडा

प्रशिक्षकाचा दर्जा सुधारला तरी अनुज्ञप्तीची परीक्षा प्रामाणिक नसेल तर काय होते, याचे उत्तर दिल्लीत झालेल्या एका अभ्यासातून मिळते. मारियान बर्ट्रांड, सिमियन जँकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अनुज्ञप्ती मिळवू इच्छिणाऱ्या ८२२ व्यक्तींची तीन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. एका गटाला अनुज्ञप्ती लवकर मिळविल्यास बक्षीस देऊ केले, दुसऱ्या गटाला वाहनचालनाचे धडे मोफत दिले आणि तिसरा गट तुलनेसाठी ठेवला. अनुज्ञप्ती मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के व्यक्तींनी चालन चाचणी दिलीच नव्हती आणि संशोधकांनी घेतलेल्या स्वतंत्र चाचणीत सुमारे ६२ टक्के व्यक्ती वाहन चालविण्यास अपात्र ठरल्या. नियमबाह्य रकमा मध्यस्थांमार्फत दिल्या जात असल्याचे दिसून आले.

हा अभ्यास त्या काळातील दिल्लीचा आहे. तेव्हापासून संगणकीकृत अर्जप्रक्रिया आणि काही ठिकाणी स्वयंचलित चाचणीपथ आले आहेत. त्याचा मूळ निष्कर्ष मात्र आजही उपयुक्त आहे. अनुज्ञप्ती कौशल्याविना मिळत असेल तर ग्राहक शाळेकडे शिकण्यासाठी जात नाही, काम करवून घेण्यासाठी जातो. अशा वेळी प्रशिक्षकाची भूमिका शिक्षकाऐवजी मध्यस्थाची होते. प्रशिक्षकांचे प्रमाणन आणि चालकांची प्रामाणिक परीक्षा या सुधारणा परस्परावलंबी आहेत.

२०१९ ते २०२१ : नवी व्यवस्था

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ द्वारे कलम १२ मध्ये प्रशिक्षण संस्थांच्या अधिस्वीकृतीची तरतूद करण्यात आली. त्यानुसार केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम अधिसूचित केले आणि ते १ जुलै २०२१ पासून अमलात आले. हलकी वाहने, दुचाकी व तीनचाकी यांच्या प्रशिक्षणासाठी किमान एक एकर आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी किमान दोन एकर जागा, सिम्युलेटर, स्वतंत्र चाचणीपथ आणि बायोमेट्रिक हजेरी अशा अटी त्यात आहेत. हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा असून त्यापैकी ८ तास सिद्धान्ताचे व २१ तास प्रात्यक्षिकाचे आहेत. मध्यम व अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तास आहेत. प्रशिक्षकाची शैक्षणिक अर्हता बारावीपर्यंत वाढविण्यात आली असून पाच वर्षांच्या अनुभवाची अट कायम आहे. अधिस्वीकृती पाच वर्षांसाठी असते.

जुन्या नियमातील १० तासांच्या तुलनेत २१ तासांचे प्रात्यक्षिक ही निःसंशय प्रगती आहे. या व्यवस्थेचे सर्वाधिक चर्चिले गेलेले वैशिष्ट्य वेगळे आहे. अशा केंद्रातून यशस्वीपणे उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला प्रादेशिक परिवहन कार्यालयातील म्हणजे आरटीओतील चालन चाचणीतून सूट मिळते. अनुज्ञप्ती देण्याचा अधिकार परिवहन कार्यालयाकडेच राहतो, परंतु कौशल्याची पारख केंद्राकडे जाते. शिकविणारा आणि उत्तीर्ण करणारा एकच झाल्यास हितसंबंधांचा संघर्ष संभवतो. उत्तीर्णांचे प्रमाण जास्त असलेल्या केंद्राकडे गर्दी वळणे स्वाभाविक आहे. म्हणून केंद्राच्या इमारतीइतकीच किंबहुना त्याहून अधिक कसून तपासणी प्रशिक्षकाची आणि त्याने दिलेल्या निकालांची व्हावयास हवी.

यापूर्वीही देशात आदर्श संस्था उभारण्याचे प्रयत्न झाले. तमिळनाडूतील नामक्कल हे मालमोटार व्यवसायाचे केंद्र असून तेथे १९९५ मध्ये अशोक लेलँड कंपनी आणि राज्य शासन यांच्या सहकार्याने चालक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. दिल्लीत २००० मध्ये राज्य शासन आणि मारुती कंपनी यांच्या भागीदारीतून चालक प्रशिक्षण व संशोधन संस्था उभी राहिली. पुण्याजवळ भोसरी येथे १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय रस्ता परिवहन संस्था राज्य परिवहन उपक्रमांतील मनुष्यबळाच्या प्रशिक्षणाचे कार्य करते. अशा संस्थांकडे प्रशिक्षकांचे प्रशिक्षण देण्याची क्षमता आहे. गल्लीतील एकदोन मोटारींवर चालणाऱ्या शाळेतील प्रशिक्षकापर्यंत ती पोहोचणे हा खरा प्रश्न आहे.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये प्रशिक्षकांची ऐच्छिक नोंदणी १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९७० पासून ती सक्तीची झाली. नोंदणी अथवा प्रशिक्षणार्थी परवाना यांशिवाय मोबदला घेऊन मोटार चालविण्यास शिकविणे तेथे गुन्हा आहे. पात्रता परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात सिद्धान्त आणि चित्रफितींच्या आधारे धोका ओळखण्याची क्षमता तपासली जाते. दुसऱ्यात उमेदवाराचे स्वतःचे वाहनचालन पाहिले जाते. तिसऱ्यात त्याची शिकविण्याची क्षमता जोखली जाते. पाठाचे नियोजन, जोखमीचे व्यवस्थापन आणि अध्यापनाच्या पद्धती हे या टप्प्याचे तीन निकष असून २०१७ पासून तो खऱ्या विद्यार्थ्यासह घेतला जातो. नोंदणी चार वर्षांची असते आणि त्या कालावधीत किमान एकदा परीक्षक प्रत्यक्ष पाठाला बसून प्रशिक्षकाचा दर्जा तपासतो.

भारतीय नियमांशी तुलना करता दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. तेथे नोंदणी शाळेची नव्हे, तर व्यक्तीची होते. तसेच प्रमाणपत्र एकदा मिळाले की कायमचे राहत नाही. आपल्याकडे परवाना आणि अधिस्वीकृती संस्थेला मिळते व प्रशिक्षक हा तिच्या अटींपैकी एक घटक असतो. त्यामुळे एका शाळेतून गैरप्रकारामुळे दूर झालेला प्रशिक्षक दुसऱ्या शाळेत सहज रुजू होऊ शकतो आणि उत्तम प्रशिक्षकालाही स्वतःच्या नावावर मान्यता मिळत नाही.

प्रशिक्षणाच्या मर्यादा

प्रशिक्षण वाढविले म्हणजे अपघात आपोआप कमी होतील, असे मानणे धाडसाचे ठरेल. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या डेकाल्ब परगण्यात सुमारे १६,००० शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात विस्तृत प्रशिक्षणाचा अपघातांवर टिकाऊ परिणाम आढळला नाही. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर वाहन सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केल्यानंतर तरुण पुरुष चालकांच्या अपघातांचे प्रमाण उलट वाढल्याचे दिसून आले. वाहन सावरता येते या आत्मविश्वासाने सावधगिरी कमी झाली, हे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

या अनुभवांतून फिनलंडमधील संशोधकांनी चालक शिक्षणाच्या उद्दिष्टांची चार स्तरांची मांडणी केली. वाहनावरील नियंत्रण, रहदारीतील परिस्थिती हाताळणे, प्रवासाचा हेतू व संदर्भ आणि व्यक्तीची जीवनविषयक उद्दिष्टे व आत्मनियंत्रण असे ते चढत्या क्रमाने स्तर आहेत. बहुतेक ड्रायव्हिंग स्कूल पहिल्या दोन स्तरांवर थांबतात. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवरील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. वेग वाढविणे ही कौशल्याची उणीव नसून निर्णयातील चूक आहे. ती तिसऱ्या व चौथ्या स्तरावर सुधारावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षकाला यंत्राइतकेच माणसाचे मनही समजावे लागते.

आणखी एक मर्यादा दुचाकींची आहे. रस्त्यांवरील मृतांपैकी सुमारे ४५ टक्के व्यक्ती दुचाकीवरील असतात. दुचाकी मात्र बहुतांशी घरच्या किंवा मित्राच्या मार्गदर्शनाखालीच शिकली जाते. मोटारीच्या प्रशिक्षकांचे कितीही उत्तम प्रमाणन झाले तरी या मोठ्या गटाला त्याचा लाभ होत नाही.

पुढील दिशा

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे रस्ता सुरक्षा कृतिदशक म्हणून जाहीर केले असून या काळात मृत्यू व जखमींची संख्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यादृष्टीने प्रशिक्षकांच्या संदर्भात काही पावले उचलता येतील. पहिले पाऊल व्यक्तिनिहाय राष्ट्रीय नोंदणीचे असावे. चालकांच्या अनुज्ञप्तींची देशव्यापी संगणकीय नोंद अस्तित्वात असल्याने प्रशिक्षकांची नोंद तिला जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दुसरे, आयटीआय निदेशकांच्या धर्तीवर अध्यापनपद्धतीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष पाठावर आधारित परीक्षा असावी. तिसरे, ठरावीक मुदतीने पुनर्तपासणी व्हावी. चौथे, ज्या केंद्रांना चालन चाचणीतून सूट देण्याचा अधिकार मिळाला आहे, तेथील उत्तीर्ण उमेदवारांपैकी काहींची स्वतंत्र यंत्रणेने यादृच्छिक पद्धतीने फेरचाचणी घ्यावी. त्यातून केंद्राचा आणि प्रशिक्षकाचा दर्जा एकाच वेळी उघड होईल.

हे करताना लहान शाळांच्या उपजीविकेचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. केरळमध्ये २०२४ मध्ये चालन चाचणी कठोर करण्याच्या निर्णयाविरुद्ध ड्रायव्हिंग स्कूलचालकांनी तीव्र आंदोलन केले होते. एकदोन एकर जागा आणि सिम्युलेटर उभारणे गल्लीतील शाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे. अध्यापनाचे प्रमाणपत्र मिळविणे मात्र, शुल्क माफक व अभ्यासक्रम मातृभाषेत असल्यास, तेथील प्रशिक्षकालाही शक्य आहे. सुधारणेची सुरुवात जमिनीऐवजी माणसापासून केल्यास खर्च कमी आणि व्याप्ती अधिक राहील. महिला प्रशिक्षकांची संख्या वाढल्यास शिकण्यास कचरणाऱ्या महिलांचा सहभाग वाढेल आणि त्यांना रोजगाराचे एक नवे क्षेत्रही खुले होईल.

एक प्रशिक्षक आपल्या कार्यकाळात शेकडो चालक घडवितो. त्याने लावलेली सवय, मग ती आरशात पाहण्याची असो वा पादचाऱ्यासाठी थांबण्याची, त्या प्रत्येक चालकासोबत पुढील अनेक वर्षे रस्त्यावर राहते. रस्ता सुरक्षेवरील खर्चात प्रशिक्षकाच्या प्रशिक्षणाला अग्रक्रम देण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.